‘द’चा ‘ध’

त्रिविक्रमरावांच्या अक्षराबद्दल बंगळुरात दोन मतं नव्हती. निदान चामराजपेटेत तरी नव्हती. सरकारी बांधकामाच्या एका कचेरीत ते ड्राफ्ट्समन होते. नकाशा पुलाचा असो की पाण्याच्या टाकीचा, उजवीकडच्या खालच्या कोपऱ्यातली अक्षरं त्रिविक्रमरावांनी लिहिली असली की साहेब आधी तो कोपरा बघत, मग पूल. पुढे एखाद्या पुलाला तडा गेलाही असेल, पण कोपऱ्याला कधी गेला नाही. कन्नड, इंग्रजी, बाळबोध, कुठलंही अक्षर असो, टपोरं आणि एका रेषेत बसलेलं. चुलतभावांच्या लग्नपत्रिका, रामनवमीच्या उत्सवाचे फलक, सगळं त्यांच्याकडे यायचं आणि ते ‘छे छे, मला कुठं वेळ’ म्हणत लगेच बोरू काढायचे.

अशा माणसाच्या नऊ वर्षांच्या मुलीला स्वतःचं नाव लिहिता येत नव्हतं. म्हणजे येत होतं, पण दर वेळी वेगळं.

नाव क्षमा. आजोबा भीमाचार्यांनी पत्रिका बघून ठेवलेलं. कन्नडात ‘क्ष’ लिहायचा म्हणजे ‘क’च्या पायाशी ‘ष’चं गाठोडं बांधायचं. क्षमाचं गाठोडं कधी डोक्यावर जायचं, कधी शेजारच्या ‘म’च्या गळ्यात पडायचं. तिसरीच्या वर्गात ती दुसऱ्यांदा बसली होती. बोलायला लागली की मात्र घरात मराठी, शाळेत कन्नड आणि दूधवालीशी तमिळ, असा तिचा पट्टा चालू व्हायचा तो जेवायला वाढेपर्यंत थांबायचा नाही.

१९६४ सालच्या दिवाळीनंतर शाळेच्या मुख्याध्यापिका सत्यवतीबाईंनी त्रिविक्रमरावांना बोलावून घेतलं. बाई करारी, पण खोट्या नव्हत्या.

“त्रिविक्रमराव, मार्चात तपासणी आहे. तपासनीस प्रत्येक मुलीकडून अर्धं पान वाचून घेतात. क्षमाला या वेळीही वाचता आलं नाही, तर मला तिचं नाव पटावर ठेवता येणार नाही. ‘मंदबुद्धी’ असा शेरा मारून घरी पाठवावं लागेल.” मग आवाज उतरवून त्या म्हणाल्या, “घरी कुणी लिहिणारं-वाचणारं नाही का?”

हा शेवटचा प्रश्न त्रिविक्रमरावांच्या इतका वर्मी लागला, की शाळेच्या फाटकावरचा फलक आपणच रंगवलेला आहे हेही त्यांना सांगायला सुचलं नाही.

ही गोष्ट बाहेर जाऊ द्यायची नाही, असं त्यांनी पत्नीला, अहल्याबाईंना, बजावलं. संध्याकाळपर्यंत आळीत ती फक्त पोस्टाच्या पेटीला माहीत नव्हती.

पहिल्या आल्या रत्नाबाई. त्यांनी वेखंड आणलं, मधात उगाळलं आणि क्षमाच्या जिभेला लावलं. क्षमा म्हणाली, “रत्नाअक्का, पण माझी जीभ चालते की! अडतं ते डोळ्यांना.” रत्नाबाईंनी हे बोलणं वेखंडाचा पहिला गुण म्हणून मोजलं. मागोमाग धारवाडकडच्या गंगव्वा आल्या. त्यांनी मिरच्या ओवाळून टाकल्या. त्यानंतर पाऊण तास सगळं घर खोकत होतं आणि त्या खोकण्यावरून दृष्ट किती जबर होती याचा अंदाज बांधला गेला.

खरा घोटाळा केला तो विश्वेश्वरअण्णांनी. हे निवृत्त पोस्टमास्तर. निवृत्तीनंतर पत्रं वाटायची बंद झाली म्हणून ते मतं वाटत. “रोग भाषेचा आहे,” ते म्हणाले. “पोरीच्या डोक्यात तीन भाषांच्या थैल्या एकत्र ओतल्यात. छाटणी करा. घरात मराठी बंद, फक्त कन्नड. महिनाभरात बघा.”

हा उपाय दीड दिवस चालला. अहल्याबाईंना कन्नडात रागावता उत्तम येत होतं, कारण बाजारात तो सराव होता. पण रागावून झाल्यावर समजूत काढायची वेळ आली, की कन्नडात शब्द सापडेना. त्यामुळे घरात नुसतेच रुसवे साठत गेले. दुसऱ्या दिवशी दुपारी क्षमा आईच्या मांडीवर डोकं ठेवून म्हणाली, “आई, मराठीत बोल ना. कन्नडात तू शाळेच्या बाईंसारखी वाटतेस.” अहल्याबाईंनी तिला जवळ घेतलं आणि विश्वेश्वरअण्णांची भाषेची छाटणी तिथंच संपली.

समोरच्या घरात त्या वर्षी पुण्याहून एक बिऱ्हाड आलं होतं. उपेंद्र गद्रे विमानाच्या कारखान्यात इंजिनियर. त्याची बायको हेमलता लग्नाआधी पुण्यात बालवाडीत शिकवत असे. त्रिविक्रमरावांचं या जोडप्याशी फारसं जमत नसे. कारण एकच. त्रिविक्रमरावांच्या घराण्याला कर्नाटकात तीनशे वर्षं झाली होती, आणि ते ‘स्वल्प थांबा, सरी?’ असं कन्नड मिसळून म्हणाले की उपेंद्र हसायचा. तीनशे वर्षं जपून आणलेल्या मराठीला चार महिन्यांपूर्वी आलेला माणूस हसतो, हे त्यांना पटत नव्हतं.

क्षमा मात्र हेमलताच्या घरी पडीक असायची. एके दिवशी हेमलता तिला हाताला धरून घेऊन आली.

“काका, हिनं आत्ता मला कन्नड पुस्तकातला अख्खा धडा वाचून दाखवला. कावळ्याचा.”

“वाचला?” त्रिविक्रमराव उभे राहिले.

“पुस्तक उलटं धरून,” हेमलता म्हणाली. “म्हणजे ऐकून ऐकून सगळा पाठ आहे! काका, ही मंद कसली? उलट इतकी हुशार, की दोन वर्षं सगळ्यांना चकवलं हिनं. मी अशी दोन मुलं पुण्यात पाहिलीत. कागदावरची अक्षरं त्यांच्या डोळ्यांना एका जागी थांबतच नाहीत. डोळ्यांना सोडा, हिच्या बोटांना शिकवा. वीतभर उंचीची लाकडी अक्षरं करून घ्या, वर खरखरीत पॉलिश कागद चिकटवा, आणि हिला त्यांवरून रोज बोट फिरवू द्या. घाई करायची नाही.”

क्षमा खाली बघत होती. “काकू,” ती हळूच म्हणाली, “मी चकवत नव्हते. मला वाटायचं, सगळे असंच वाचतात.”

अक्षरं करायची आहेत, एवढंच त्रिविक्रमरावांना कळलं, आणि अक्षरं म्हटल्यावर तो प्रांत त्यांचा होता.

दुसऱ्या दिवसापासून घराची ओसरी म्हणजे कचेरीची शाखा झाली. एकोणपन्नास कन्नड अक्षरं, प्रत्येकाच्या शेपटाची गोलाई कंपासनं मोजलेली, पारदर्शक ट्रेसिंग कागदावर काळ्या शाईत. अहल्याबाईंना ओसरीवर तांदूळ निवडायची बंदी झाली. तीन आठवड्यांनी पुरं झालेलं काम भेंडोळं करून त्यांनी बसनं बंगळुरातल्याच शिवाजीनगरला नेलं. तिथं बाशासाब म्हणून सुतार होते, नक्षीकामात हात इतका बारीक की लाकडातून जाळी काढत. बाशासाबांनी भेंडोळं उलगडलं आणि म्हणाले, “वा साब, क्या हात है.” त्रिविक्रमरावांना शिवाजीनगर एकदम आवडलं.

दहा दिवसांनी पोतं घरी आलं. गंगव्वा, रत्नाबाई, विश्वेश्वरअण्णा सगळे जमले. हेमलता आली, आणि रविवार म्हणून उपेंद्रही आला. त्रिविक्रमरावांनी चटईवर पहिलं अक्षर ठेवलं, दुसरं ठेवलं, तिसरं हातातच राहिलं.

कन्नड अक्षराच्या डोक्यावर उजवीकडे वळणारी एक शेंडी असते. तिला तलेकट्टु म्हणतात. या अक्षरांची शेंडी डावीकडे होती. नुसती शेंडी नव्हे, सगळं अक्षरच आरशात बघितल्यासारखं. एकोणपन्नासच्या एकोणपन्नास.

“ही कुठली भाषा?” गंगव्वांनी विचारलं.

“ट्रेसिंग पेपर उलटा ठेवून कापलंय,” उपेंद्र म्हणाला. “आमच्याकडे ड्रॉइंगवर बाण काढून ‘ही बाजू वर’ असं लिहितात. तुम्ही लिहिलं नव्हतंत का, काका?”

त्रिविक्रमरावांनी लिहिलं नव्हतं. तेवीस वर्षांच्या नोकरीत त्यांच्या अक्षराची वरची बाजू कोणती हे कुणाला सांगावं लागलं नव्हतं. ते आत गेले. कोट घालून बाहेर आले, पोतं खांद्यावर टाकलं आणि क्षमाचा हात धरला.

“हिला कशाला?” अहल्याबाई म्हणाल्या.

“साक्षीला,” त्रिविक्रमराव म्हणाले. भांडायला जाताना नऊ वर्षांचा साक्षीदार कशाला लागतो हे त्यांनाही सांगता आलं नसतं. एकट्यानं जाववेना, हे खरं.

शिवाजीनगरला दुकानापुढे हां हां म्हणता गर्दी जमली. त्रिविक्रमराव मराठीत सुरू झाले, कन्नडात चढले आणि हिंदीत घसरले. बाशासाब शांतपणे रंधा पुसत होते.

“साब, तुमचा कागद दोन्ही अंगांनी एकसारखा काळा. मला कन्नड वाचता येत नाही. पण तुमच्या रेघेवरून माझी करवत केसभर ढळली असेल, तर बोला.”

ढळली नव्हती. हीच तर पंचाईत होती. चूक इतक्या सुबकपणे कापलेली होती, की शिव्या द्याव्यात तर त्या अर्ध्या आपल्याच हाताला लागत होत्या. गर्दीत दोन तट पडले. एका तटाचं म्हणणं लाकूड नवं घ्यावं, दुसऱ्याचं म्हणणं मुलीला उर्दू शिकवावं.

या सगळ्यात क्षमा पोत्याजवळ उकिडवी बसली होती. तिनं एक अक्षर काढलं, कडेवरून बोट फिरवलं. मग ते पालथं केलं आणि पुन्हा बोट फिरवलं. “अण्णा,” तिनं हाक मारली. कुणाचं लक्ष नव्हतं. तिनं बापाचा कोट ओढला.

“अण्णा, हे असं पालथं ठेवलं की बरोबर होतंय. हा ‘ग’ आहे.”

बाशासाबांनी अक्षराकडे पाहिलं. त्रिविक्रमरावांनी पाहिलं. लाकूड आरपार कापलेलं होतं. पालथं केलं की आरशातलं अक्षर सरळ होणारच. ड्राफ्ट्समन, नक्षीकार, इंजिनियर आणि निवृत्त पोस्टमास्तर, एवढ्या लोकांना हे सुचलं नव्हतं.

“हा कुठला?” त्रिविक्रमरावांनी पोत्यातून एक काढला.

तिनं डोळे मिटून बोट फिरवलं. अक्षर पालथं केलं. “‘म’. माझ्या नावातला.”

बाशासाब खाली बसले. “पण बेटी, खरखरीत कागद मी दुसऱ्या अंगाला चिकटवलाय. तो आता खाली गेला.”

“मग आम्ही या बाजूला दुसरा चिकटवू,” क्षमा म्हणाली. बाशासाबांनी पॉलिश कागदाचा गठ्ठा आणि सरसाचा डबा पोत्यावर ठेवला, आणि त्या दिवशी शिवाजीनगरहून परतताना त्रिविक्रमरावांनी बसमध्ये उभं राहूनही कुणाकडे तक्रार केली नाही.

चिकटवायचं काम आपणच करायचं, असं अर्थातच त्रिविक्रमरावांनी ठरवलं होतं. हेमलतानं त्यांना ओसरीवरून उठवलं.

“काका, हात मागे. तिचं तिला करू दे.”

“पण ती कडा वाकड्या कापतेय!”

“कापू दे.”

आयुष्यात एवढी कठीण नोकरी त्यांनी केली नव्हती. रोज संध्याकाळी ते दोन्ही हात पाठीमागे बांधून ओसरीत उभे राहत आणि वाकड्या कडांकडे बघत. क्षमा लाकूड कागदावर ठेवायची, भोवती पेन्सिल फिरवायची, कापायची, सरस लावायची आणि दाबून धरायची. दाबून धरता धरता अक्षराचं नाव घ्यायची. ‘द’ आणि ‘ध’पाशी ती तीन दिवस अडली. दोन्ही अक्षरं कन्नडात जुळ्या बहिणींसारखी, फक्त ‘ध’च्या पोटाला खाली एक बारीक चीर. त्या चिरेत तिचं नख बसेपर्यंत तिला ते दोन वेगळे वाटेनात. बसलं तेव्हा ती ओरडली, “अण्णा, ध ला पोटात टोचतंय!” त्रिविक्रमरावांनी पाठीमागे बांधलेले हात सोडले, आणि कुठं ठेवावेत ते न कळून पुन्हा बांधले.

जानेवारी संपता संपता क्षमा ओळी वाचू लागली. पण कशी? बोटानं मांडीवर अक्षर काढायचं, मग ओठांवर आणायचं. अर्ध्या पानाला अर्धा तास. तपासनीस इतका वेळ थांबतात कुठले! सत्यवतीबाई म्हणाल्या, “जादा वेळ द्यायला माझी ना नाही. पण मला वरच्या कचेरीची परवानगी लागेल. अर्ज करा.”

अर्ज म्हटल्यावर त्रिविक्रमराव निवांत झाले. सरकारी नोकराला अर्जाचं काय भय! रजा काढून ते त्या कचेरीत गेले आणि खिडकीच्या आतल्या बाजूला तेवीस वर्षं बसलेला माणूस पहिल्यांदा बाहेरच्या बाजूला उभा राहिला. बाहेरून खिडकी फार लहान दिसते, हे त्यांना त्या दिवशी कळलं.

“मुलगी आंधळी आहे?” आतल्या कारकुनानं विचारलं.

“नाही.”

“बहिरी?”

“नाही.”

“मुकी?”

“मुकी!” त्रिविक्रमराव म्हणाले. “हो, झोपल्यावर.”

कारकून हसला नाही. “फॉर्मात तीन रकाने आहेत. त्यांतल्या कशात बसते?”

“कशातच नाही. तिला वाचायला फक्त वेळ लागतो.”

“वेळ सगळ्यांनाच लागतो. साध्या कागदावर अर्ज द्या. पण हा चालणार नाही.” त्यानं त्रिविक्रमरावांनी घरून आणलेला अर्ज परत सरकवला. “छापील अर्ज आम्ही घेत नाही. पालकाच्या हस्ताक्षरात पाहिजे.”

“हे माझंच हस्ताक्षर आहे.”

कारकुनानं कागद उजेडात धरला, बोटाला थुंकी लावून एक अक्षर घासून बघितलं, शेजारच्याला दाखवलं. शेजारचा म्हणाला, “छापखान्याचं आहे. सांगतायत काहीतरी.”

जन्मभर ज्या अक्षराची वाहवा झाली ते अक्षर सुंदर आहे म्हणून नाकारलं गेलं. याचा अभिमान धरावा की अपमान, हे बसच्या रांगेत उभे राहून त्यांनी बराच वेळ ठरवून पाहिलं.

घरी येऊन त्यांनी वाईट अक्षर काढायचा प्रयत्न केला. येईना. हात आपोआप रेषेवर यायचा. शेवटी त्यांनी टाक डाव्या हातात धरला. पहिली ओळ डोंगर चढून गेली. ‘र’ पालथा पडला. ‘क्षमा’ लिहिताना गाठोडं ‘क’च्या पायाशी जाईना, शेजारच्या घरात शिरलं. कपाळावर घाम आला. आपल्याला अक्षर माहीत आहे, डोळ्यांपुढे दिसतं आहे, आणि तरी हात ऐकत नाही, हे त्यांना नवीन होतं.

क्षमा खांद्यावरून वाकून बघत होती. “अण्णा, तुमचंपण माझ्यासारखंच होतं?”

“होतं,” त्रिविक्रमराव म्हणाले.

“मग स्वल्प थांबायचं. आधी मांडीवर बोटानं काढायचं. घाई नाही करायची.”

त्यांनी मांडीवर बोटानं काढलं. अर्ज पुरा व्हायला दीड तास लागला आणि कचेरीनं तो निमूटपणे घेतला.

महिन्याभरानं, एका शनिवारी, अर्ध्या दिवसाची कचेरी आटोपून ते घरी आले तर उत्तराचा लखोटा आलेला. राज्याचा कारभार तेव्हा नुकताच कन्नडात आणायचा चालला होता, आणि पत्र कारकुनाच्या हातचं कन्नड होतं. सरकारी पत्र वाचायची रीत त्रिविक्रमरावांना ठाऊक होती. शेवटची ओळ आधी बघायची. ‘विनंती मान्य करता येत नाही.’ त्यांनी पत्र ओसरीवरच्या स्टुलावर ठेवलं आणि हातपाय धुवायला मोरीत गेले. तोंडावर पाणी मारलं, पुन्हा मारलं. तपासणीला बारा दिवस राहिले होते.

ओसरीवरून वाचण्याचा आवाज आला. एकेक शब्द सावकाश, मध्ये थांबून, पण पुरा. त्यांना वाटलं अहल्याबाई वाचताहेत. पंचा घ्यायला त्यांनी डोळे उघडले, तर अहल्याबाई पंचा घेऊन समोर उभ्या होत्या.

दोघं दारात आली. क्षमा स्टुलाशी बसली होती. उजव्या हाताचं बोट पत्रावर, डाव्याचं मांडीवर. “‘सदर... विद्यार्थिनी... आंधळी, बहिरी... किंवा मुकी... नसल्यामुळे...’” इथं एक जोडाक्षर आलं. मांडीवरचं बोट तीनदा फिरलं. त्रिविक्रमरावांचे हात आपोआप पाठीमागे गेले. जोडाक्षर सुटलं. “‘...प्रचलित नियमांनुसार... विनंती मान्य करता... येत नाही.’” हे पत्र तिला कुणी वाचून दाखवलं नव्हतं, हा धडा तिला पाठ नव्हता. जगात ते पत्र आत्ताच पहिल्यांदा पुरं वाचलं गेलं होतं.

“आणखी एकदा,” त्रिविक्रमराव म्हणाले.

तिनं आणखी एकदा वाचलं. तोवर त्यांनी रत्नाबाईंना, विश्वेश्वरअण्णांना आणि समोरच्या दोघांना हाका मारल्या होत्या. गंगव्वा हात पुसत आल्या. तिसऱ्या वाचनाला ओसरी भरली. हेमलता खांबाला टेकून ऐकत होती, आणि तिचा चेहरा बघून उपेंद्रनं या वेळी काहीही सुचवलं नाही. अहल्याबाईंनी सगळ्यांच्या हातावर साखर ठेवली.

“मग परवानगी मिळाली का?” गंगव्वांनी विचारलं.

“नाही मिळाली.”

“अय्यो, मग साखर कशाची?”

“अहो, नाही म्हणालेत,” त्रिविक्रमराव म्हणाले, “पण ते तिनं वाचलं!”

क्षमा अजून पत्रातच होती. तिचं बोट सहीखालच्या शब्दावर अडलं होतं. “अण्णा, इथं चूक आहे. ‘अधिकारी’त ‘ध’ पाहिजे ना? चीर असलेला? यांनी ‘द’ काढलाय. टोचत नाहीये.”

विश्वेश्वरअण्णांनी चष्मा लावला. त्रिविक्रमरावांनी भिंग आणलं. चीर नव्हती. बोलताना सगळं बंगळूर ‘अदिकारी’ म्हणतं, कारकुनानं तसंच लिहिलं होतं. भिंग यायच्या आधी दोन मोठ्या माणसांनी तो शब्द दोनदा वाचला होता आणि दोघांच्याही डोळ्यांना चीर दिसली होती, कारण ती असायलाच पाहिजे होती. क्षमाच्या बोटाला असल्या सवयी नव्हत्या.

सोमवारी ते पत्र आणि मुलगी, दोन्ही घेऊन ते शाळेत गेले. सत्यवतीबाईंनी पत्र ऐकलं, मग हातात घेऊन तो शब्द पाहिला, चष्मा पुसून पुन्हा पाहिला.

“तपासनीस आले की मी हिला सगळ्यांत शेवटी उभी करीन,” त्या म्हणाल्या. “शेवटच्या मुलीच्या वेळी त्यांना माझ्याकडे कॉफी असते, ती संपेपर्यंत ते ऐकत बसतात. कॉफी किती गरम द्यायची, त्याला काही परवानगी लागत नाही.”

तपासणीच्या दिवशी कॉफी फार गरम होती. क्षमानं अर्धं पान वाचलं, तेवीस मिनिटं लागली. तपासनिसांनी दोन पेले संपवले आणि ‘वाचन सावकाश, परंतु अचूक’ असा शेरा दिला. चौथीच्या पटावर नाव चढलं. त्रिविक्रमराव शाळेतून कचेरीत चालत गेले, आणि वाटेत भेटलेल्या प्रत्येकाला, ओळख असो नसो, ‘परंतु’ला जराही महत्त्व न देता ‘अचूक’ तेवढं सांगत गेले.

त्या रात्री नव्हे, दुसऱ्या दिवशी सकाळी, नीट उजेडात, त्यांनी ते पत्र एका कोऱ्या लखोट्यात घातलं. ‘द’भोवती क्षमानं लाल पेन्सिलनं गोल काढला होता. सोबत त्रिविक्रमरावांनी आपल्या उजव्या हाताच्या छापखानी अक्षरात दोन ओळी जोडल्या. ‘आपले पत्र विद्यार्थिनीने स्वतः वाचले. दर्शविलेली दुरुस्ती करून पत्र परत पाठवावे, ही विनंती.’

त्याचं उत्तर अद्याप आलेलं नाही. पण कधी आलंच, तर ते वाचायला घरात माणूस आहे.